फळ्याचा रिकामा कोपरा

पहिलीच्या बाईंना सगळे पहिलीच्याच बाई म्हणत, कारण त्यांनी अख्खी नोकरी पहिलीच्या वर्गात काढली. वरचे वर्ग मिळाले नसते असं नाही. पण दरवेळी त्या हात जोडत. "नको बाई ती मोठी मुलं. आपल्याला सगळं येतं असं वाटतं त्यांना. माझी चिल्लीपिल्ली बरी."

आणि बरीच होती ती. बाईंच्या हाताखालून गेलेलं मूल वाचायला लागत नाही असं सहसा होत नसे. यात जादूटोणा काही नव्हता. मूल वाचायला शिकतं ते अडत अडत, आणि अडलेल्या मुलाला कसं वागवायचं हे बाईंना कळत होतं, एवढंच. आता बघा, एखादं पोर फळ्यावरचा शब्द वाचताना अडलं, की सगळा वर्ग माना वळवून त्याच्या तोंडाकडे बघायला लागतो. वर बाईही बघतात. मग त्या पोराच्या तोंडचं पाणी पळतं आणि येत असलेला शब्दही घशातच राहतो. यावर बाईंनी एक साधी युक्ती काढली होती. फळ्याचा खालचा एक कोपरा त्या कायम मोकळा ठेवत. मूल अडलं, की डस्टर उचलून त्या वळत आणि तो रिकामा कोपराच पुसत बसत. पुसण्यासारखं तिथं काही नसे. पण बाईंचं लक्ष नाही म्हटल्यावर वर्गाचंही लक्ष उडे, कुणी कुणाची पेन्सिल ओढी, कुणी चिमटा काढी, आणि कुणी बघत नाहीये तेवढ्यात अडलेलं पोर शब्दाशी झटापट करून मोकळं होई. मग बाई वळून म्हणत, "हं? काय म्हणालास? मला ऐकूच आलं नाही." खरं तर त्यांचे दोन्ही कान तिकडेच असत. पोर फारच वेळ गप्प राहिलं, तर डस्टर ठेवून त्या त्याच्याशेजारी जाऊन बसत.

तर अशा या बाई. त्यांना सुखानं निवृत्त होऊ द्यायचं की नाही? पण नाही!

शाळा वाढायला लागल्या. म्हणजे किती वाढाव्यात! जिथं तिथं रंगाचा वास न गेलेल्या इमारती उभ्या राहिल्या. बाकं आली, घंटा आल्या, फाटक लागायच्या आत मुलं तर आलीच आली. चांगलंच झालं म्हणा, त्या मुलांनी आणखी किती वर्षं शाळेची वाट बघायची? पण शिक्षक काही झाडाला लागत नाहीत. कालपर्यंत दुकानात बसणारे, हिशेब लिहिणारे, घरी शिकवण्या घेणारे, सगळे धडाधड भरती झाले. आणि त्यांना शिकवायचं कुणी, असा प्रश्न आल्यावर शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांनी पहिलीच्या बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमची पद्धत सगळ्यांना दाखवा," साहेब म्हणाले.

"माझी कसली पद्धत, साहेब? वर्गात येऊन बसा म्हणावं एकेकानं महिनाभर. कळेल आपोआप."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या एका कानाला फोन होता आणि दुसरा टेबलावर वाजत होता. "महिना कुठून आणू? एक दिवस मिळेल. एक सभागृह मिळेल. तुम्ही त्यांना शिकवा, ते पुढच्यांना शिकवतील, पुढचे त्यांच्या पुढच्यांना. पाण्यासारखं खालपर्यंत जाईल."

"निदान स्टेजवर माझी चार मुलं तरी आणू द्या."

"मुलं आणली तर त्यांची ने-आण, खाणं, आईबापांच्या परवानग्या... जाऊ द्या ना, बाई."

बाईंनी जाऊ दिलं. पुढं त्यांना याचा फार पश्चात्ताप झाला, पण त्या वेळी साहेबांपुढं जास्त बोलवेना. झालं! सभागृह खचाखच भरलं, आणि स्टेजवरच्या बुटक्या खुर्च्यांवर मुलं म्हणून दाढीमिशीवाले बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाईंनी त्यांच्यातल्या एकाला अडायला सांगितलं. तो इमानदारीत अडला. बाई वळल्या, त्यांनी कोपरा पुसला. मागच्या रांगांना तो कोपरा काही दिसत नव्हता, बाईंची पाठ आणि हलणारा हात तेवढा दिसत होता. सगळ्यांनी भराभरा लिहून घेतलं.

"आता मी हे का केलं ते सांगते," असं बाई म्हणाल्या आणि नेमका तेव्हाच चहा आला. कपबशा खणखणल्या, खुर्च्या सरकल्या, रांगा उठल्या. बाई माइकमध्ये सांगत राहिल्या, "हे बघा, मुलाला वाटलं पाहिजे की..." पुढं काय वाटलं पाहिजे ते पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी ऐकलं असेल तर असेल. चहानंतर वेळ संपली होती.

यानंतर बरेच दिवस गेले, आणि बाईंच्या सुनेला नव्या शाळेत नोकरी लागली.

ही सून म्हणजे बाईंचा जीव की प्राण. सासूसुनांचं मेतकूट जमलेलं बघून शेजारपाजारचे हळहळत असतील, असं बाईंचा मुलगा म्हणायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून जिन्यातली पोरं तिच्या अवतीभवती. ती बोलायची ती पोरांच्या उंचीवर जाऊन, फरशीवर फतकल मारून, कोपर टेकून. अडलेल्या पोराच्या इतकी जवळ बसायची की ते तिच्या कुशीत टेकूनच वाचायचं. बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, ही माझ्यापेक्षा चांगली बाई होणार. हे काही शिकवून येत नाही. तेवढं कुणी हिच्यातून काढून घेऊ नये, म्हणजे झालं.

सून प्रशिक्षणाला जाऊन आली. ज्यानं शिकवलं तो कुणाकडून तरी शिकलेला, आणि तो कुणी, आणखी कुणाकडून. आल्या आल्या तिनं कपड्यांच्या कपाटाच्या दारावर खडूनं शब्द लिहिला आणि सासूला मोरीतल्या बुटक्या स्टुलावर बसवलं.

"आमच्या घरात आता दोन बाई झाल्या आणि विद्यार्थी एकच, तोही नापास," मुलगा ऑफिसला जाता जाता म्हणाला.

"आई, तुम्ही अडा हं," सून म्हणाली.

बाई हौसेनं अडल्या. सून ताठ उभी राहिली, गर्रकन वळली आणि तिनं फडक्यानं कपाटावरचा शब्दच पुसून टाकला. मग तशीच पाठमोरी उभी राहून तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला लागली.

बाईंना आधी हसूच फुटलं. "अगं वेडे, शब्द कशाला पुसलास? मी वाचू काय आता, कपाट?"

सून वळली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. "पण पद्धत आहे ना, आई. मूल अडलं की पाठ करायची, फळा पुसायचा, मनात मोजायचं. जवळ जायचं नाही, लाड होतात." आणि मग जरा लाजून, "तुमचीच पद्धत आहे. तुमचं नाव सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, या माझ्या सासूबाई! सगळे बघायला लागले माझ्याकडे."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी सुनेला जवळ बसवून सगळं सांगितलं, कोपरा रिकामा का ठेवायचा, कान कुठं ठेवायचा, शेजारी कधी जाऊन बसायचं. सून ऐकत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं.

"म्हणजे मी आधी जे करत होते ते बरोबर होतं?"

"शंभर टक्के बरोबर होतं."

"पण आई, माझी तपासणी आहे. निरीक्षक येऊन मागं बसणार. पाठ केली का, पुसलं का, मोजलं का, तेवढं बघणार. नाही केलं तर मी कायम होत नाही. माझ्या जागेवर बसायला बाहेर रांग लागलीय."

"मग त्यांना नीट समजावून सांग."

"मी?" सून एकदम भडकली. "मी समजावू? तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्हाला नाही समजावता आलं त्यांना! तुम्ही निघालात निवृत्त व्हायला, तुमचं काय जातंय? मला हीच नोकरी करायचीय जन्मभर!"

बोलून गेली आणि तिचे डोळे भरले. पोरगी चुकीचं काय बोलली होती? शब्द जिव्हारी लागला तो खरा होता म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या ऑफिसात जाऊन धडकल्या. बाहेरच्या बाकावर नव्या शाळांचे मुख्याध्यापक ताटकळत होते. कुणाला बाकं नव्हती, कुणाच्या नळाला पाणी. साहेबांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मधे फोनही उचलला नाही. बाईंना वाटलं, चला, जमलं.

"कळलं मला," साहेब म्हणाले. "तुमचंच बरोबर असणार. पण आता बदललं तर अर्धे पुसतील, अर्धे पुसणार नाहीत, आणि निरीक्षकांना कळणार नाही काय तपासायचं. मुलाला काय वाटतं ते मी कसं तपासू, बाई? फळा पुसला की नाही, ते तपासता येतं."

"अहो, मग जे तपासता येतं तेच शिकवायचं का?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "पुढच्या महिन्यात आणखी शाळा उघडतायत. मला नाही बोललात तरी चालेल, मीच स्वतःला रोज बोलतो." मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, "असं करा, निरीक्षकांबरोबर एखाद्या वर्गात जाऊन बसा. प्रत्यक्ष बघा. मग लिहून द्या मला."

"माझ्या सुनेची तपासणी आहे. तिथं बसले तर चालेल?"

"मग तर झकासच. चहा तरी बरा मिळेल."

बाईंना हसू आलं नाही.

नव्या शाळेचा वर्ग मोठा आणि भकास होता. भिंतींवर अजून एकही चित्र नव्हतं, आणि एका बाकावर तीन तीन मुलं कोंबलेली. निरीक्षक म्हणजे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण होता. तो बाईंना बघून उठून उभा राहिला, वाकून नमस्कारच करायला निघाला होता. "मॅडम, तुमच्यासमोर तुमचीच पद्धत तपासायची म्हणजे माझीच परीक्षा आहे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. दोघं मागच्या बाकावर बसले. सुनेनं सासूकडे एकदाच पाहिलं. घरून निघताना बाई तिला एवढंच म्हणाल्या होत्या, "तुला योग्य वाटेल ते कर. मी रागावणार नाही." आता त्यांना कळेना की हिनं काय करावं असं आपल्याला वाटतंय. कायम व्हावी असं वाटत होतं. आणि जिन्यातल्यासारखी फरशीवर बसावी असंही वाटत होतं. दोन्ही कसं व्हायचं?

सुनेनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खिडकी. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. पुढचे दात पडलेली, बारकी, गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत लोंबणारी मुलगी.

"खि..." मुलगी म्हणाली. "खि... खि..."

वर्ग खिदळला. मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं ओठ मिटून घेतले आणि ती बाईंकडे, म्हणजे तिच्या बाईंकडे बघत राहिली.

सुनेचं पाऊल पुढं पडलं. पहिलीच्या बाईंनी ते स्पष्ट पाहिलं. ती त्या मुलीकडे निघालीच होती, गुडघे वाकवायच्या बेतात होती. शेजारी निरीक्षकानं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्या आवाजानं सुनेचं पाऊल थांबलं. ती वळली, तिनं डस्टर उचललं आणि 'खिडकी' पुसून टाकली. संपूर्ण. मग पाठमोरी उभी राहिली.

वर्ग आपोआप गप्प झाला. त्या मुलांना सवय झाली असावी. बाई वळल्या म्हणजे ज्याचं चुकलं त्याचं चुकलं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. मुलगी कोऱ्या फळ्याकडे बघत होती. मग अगदी हळू, मागच्या बाकापर्यंत जेमतेम पोचेल इतक्या आवाजात ती म्हणाली, "बाई, इकडे बघा ना."

सून वळली नाही. मोजणं पुरं झाल्यावर वळली. तोवर मुलगी खाली बसली होती.

"अचूक," निरीक्षक कुजबुजला. "मॅडम, तुम्हाला किती समाधान वाटत असेल!"

बाईंना वाटलं, या पोराच्या हातातलं पेन हिसकावून खिडकीतून भिरकावून द्यावं. पण त्याचा तरी काय दोष? त्याला कुणी सांगितलं होतं दुसरं काही?

मधल्या सुट्टीत ती मुलगी नळापाशी एकटीच उभी होती. बाई तिच्याजवळ जाऊन वाकल्या. "अडलीस होय गं मघाशी?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मला येत होतं. खिडकी. मी म्हणणारच होते, तर बाईंनी पुसलं." नळ उगाच चालू-बंद करत ती पुढं म्हणाली, "बाईंना मी आवडत नाही. माझं तोंड बघत नाहीत त्या."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जन्मभर ज्या एका गोष्टीपासून पोरांना वाचवलं, तीच गोष्ट आपल्या नावानं वर्गावर्गात चालली होती. त्या तिथंच नळाच्या कट्ट्यावर टेकल्या. घरी जाऊन साहेबांना लिहायला बसल्या, दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. शेवटी साधं सरळ लिहून पाठवून दिलं. आभाराचं उत्तर तेवढं आलं.

सून कायम झाली. आली ती दारातच चपला न काढता उभी राहिली.

"झालं, आई. सगळेच्या सगळे गुण." आवाजात आनंद औषधालाही नव्हता. "आणि आणखी एक. त्यांना माणसं कमी पडतायत. सगळे गुण मिळालेल्यांना प्रशिक्षक करतायत. उद्यापासून नवी भरती आहे, सभागृहात. मी शिकवायचंय."

"तू? अगं, तू कालपरवा तर लागलीस!"

"तेच म्हटलं मी त्यांना. ते म्हणाले, कालपरवा लागलेलेच सगळे आहेत."

संध्याकाळी सुनेनं पुन्हा कपाटावर शब्द लिहिला. त्या दिवशीचा वर्गातला तोच लिहिला, का ते तिलाच ठाऊक. फडकं घेतलं. "आई, एकदा बसता? उद्याचं जरा हातात बसू दे." तिचा आवाज कोरडा होता, पाढे म्हटल्यासारखा. मुलगा काहीतरी थट्टा करायला तोंड उघडत होता, पण दोघींकडे बघून गुपचूप आतल्या खोलीत गेला.

बाई बुटक्या स्टुलावर बसल्या. गुडघे दुखत होते. समोर दारावर मोठ्या अक्षरात 'खिडकी' होती.

"वाचा," सून म्हणाली.

अडल्याचं सोंग बाईंनी केलं नाही, पण शब्दही त्यांच्या तोंडून निघेना. सून थोडी थांबली. मग ठरल्याप्रमाणे वळली, हात वर गेला, आणि खडूचा शब्द फडक्याखाली गेला. समोर उरली ती तिची पाठ. आपल्याच लेकीसारख्या पोरीची पाठ, आणि ती पाठ बोलत नव्हती, ऐकत नव्हती. या वयाच्या, एवढ्या पोरांना वाचायला शिकवलेल्या बाईंना स्टुलावर बसल्या बसल्या रडू कोसळेल असं झालं. असं वाटतं होय, त्यांच्या मनात आलं. एवढं वाईट वाटतं!

"बाई," त्या म्हणाल्या, "इकडे बघा ना."

सुनेचा हात कपाटावर थबकला. खांदे हलायला लागले. ती वळली तेव्हा तिचा सगळा चेहरा भिजलेला होता.

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "त्या दिवशी ऐकलं होतं, आई. ती म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी मोजत राहिले."

ती येऊन फरशीवर बसली, जिन्यात बसायची तशी, आणि तिनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. खडूची पांढरी भुकटी दोघींच्या कपड्यांना लागली होती.

"तिच्याजवळ जाईन मी उद्या सकाळी, सभागृहात जायच्या आधी," सून म्हणाली. "तिच्याजवळ बसेन. पण पुढं काय करू? सगळं सभागृह भरलेलं असेल, आई. निरीक्षकही असतील. मी वेगळं सांगितलं तर मला काढतील, नाही सांगितलं तर ते सगळे उद्या कुणाकुणाकडे पाठ करून उभे राहतील. कोपरा रिकामा का ठेवायचा, हे सांगू तरी कधी त्यांना?"

बाईंनी डोळे पुसले. आपलं सभागृह त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, त्या उठलेल्या रांगा, तो कपबशांचा खणखणाट.

"चहा यायच्या आधी सांग," त्या म्हणाल्या.